हरवण्याची पूर्वतयारी

३ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून जंगलात अडकलेल्या माणसांचे भयपट नुसते बघायचे नाहीत, त्यांचा अभ्यास करायचा. ही वही त्यासाठी. इतकी वर्षं मी ते करमणूक म्हणून बघतो, असं माझ्या बायकोचं, लोर्नाचं मत आहे. मलाही मधूनमधून तसं वाटतं. म्हणूनच लेखी नोंद हवी.

आजचा सिनेमा: चार मित्र, दोन होड्या. तिसऱ्या दिवसापासून झाडांत काहीतरी. टाळता आल्या असत्या अशा चुका नऊ. त्यांत 'आपण वेगवेगळे शोधू या' हे दोनदा. मेले तीन. मनगटावरच्या घड्याळात माझी नाडी जास्तीत जास्त १०४.

लोर्नानं स्वयंपाकघरातून विचारलं, किती गेले? तीन, म्हटलं. म्हणाली, मग उरलेल्याला घेऊन जेवायला ये, सूप निवतंय.

५ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसात आज स्प्रूस झाडांचे एकशेवीस हेक्टर. माझं काम जंगल मोजायचं, पण वरून. विमानातून काढलेले दोन फोटो भिंगाखाली शेजारीशेजारी ठेवले की झाडं उभी राहतात. मग जात, उंची, वय लिहायचं. एकवीस वर्षं हेच. या खोऱ्यातलं जंगल माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

लोर्ना म्हणते, तुझा बूट एकदाही ओला झालेला नाही. हे खरं नाही. मागच्या वसंतात झाला होता. (ऑफिसच्या पार्किंगमध्ये. पण झाला होता.)

८ सप्टेंबर, रविवार

लोर्ना दिवसभर शोधपथकाच्या सरावाला. चार वर्षं झाली, ती त्यांचा रेडिओ सांभाळते. सगळे बिनपगारी. वाट चुकलेले शिकारी, अळंबी वेचणारे, घरातून निघून गेलेले म्हातारे, यांना शोधून आणायचं. संध्याकाळी आली ती गुडघ्यापर्यंत चिखल, केसांना धुराचा वास. फोनवर वॉलीशी मोठ्यानं हसत होती. वॉली हा पथकप्रमुख. वय सदुसष्ट, जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवलं.

मी मूस हरणाच्या मटणाचा रस्सा गरम केला. काय झालं म्हणून विचारलं. ती दहा मिनिटं सांगत होती. मी ऐकलं. आता लिहायला बसलो तर 'अळंबी' एवढाच शब्द आठवतोय.

संकल्प: ऐकताना ऐकायचं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

लोर्नाला प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियात नोकरी मिळाली. अख्ख्या प्रांताचा आपत्कालीन रेडिओ. बारा नोव्हेंबरला रुजू. इथून एक पूर्ण दिवस गाडी, मग बोट.

तिनं होकार कळवूनही टाकलाय. मला म्हणाली, "मी जाणारे. तू येतोस का, एवढंच विचारतेय. ये म्हणत नाहीये, नको म्हणत नाहीये. तुला काय हवंय ते सांग."

मी म्हटलं, मोठा निर्णय आहे, सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा.

म्हणाली, "एव्हर्ट, बाजू दोनच आहेत."

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत सांगायचं ठरलं.

ती बोलत असताना नाडी ६८. आपण अशा वेळी घड्याळात बघितलं याची लाज वाटली. पुन्हा बघितलं. ६७.

१५ सप्टेंबर, रविवार

हे सिनेमे मला का आवडतात, याचा प्रामाणिकपणे शोध घ्यायचा प्रयत्न.

पहिला अर्धा तास. तो नेहमी गाडीत असतो. नवराबायको पुढे बसलेली, बोलत नाहीत. खिडकीबाहेर झाडं संपत नाहीत. अजून काही बिघडलेलं नाही, आणि बिघडणार हे फक्त बघणाऱ्याला माहीत आहे. मला अस्वलापेक्षा हा अर्धा तास जास्त आवडतो. का, ते सापडलं नाही.

नंतर एकदा वाट चुकली की तुला काय हवंय असं कुणी विचारत नाही. पाणी हवं असतं. विस्तव हवा असतो. उजाडायला हवं असतं. माणूस इतका स्वच्छ होतो की हेवा वाटतो. नोकरी, घर, मन, सगळं गळून पडतं आणि एकच काम उरतं. भीती ही तशी फार सोयीची गोष्ट आहे.

शिवाय सिनेमा संपला की आपले मोजे कोरडे असतात. हे कारण जरा हलकं वाटतं. पण खोडत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

आजचा: एकटी बाई, बर्फ, मोडलेला पाय. दोन दिवस सरपटत जाते. मागे काहीतरी हुंगत येत असतं. चुका फक्त चार. फार हुशार बाई. शेवटी तिला रस्त्यावरचे दिवे दिसतात तेव्हा मला हुंदका आला. बऱ्याच महिन्यांनी. मला बरं वाटलं.

लोर्ना दारात उभी होती, मला माहीत नव्हतं. म्हणाली, "मला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा तू डॉक्टरला विचारलंस, पार्किंगची पावती किती तासांची घेऊ."

प्रश्न रास्त होता. तिथे जास्तीत जास्त चार तासांचीच मिळते.

तरी सांगितलं मी, की मला वाईट वाटलं होतं. म्हणाली, "कधी?"

२८ सप्टेंबर, शनिवार

जाण्याच्या बाजूची आणि राहण्याच्या बाजूची कारणं समोरासमोर लिहिली. चौदा आणि चौदा. नीट तपासलं. 'समुद्र' दोन्हीकडे आलाय. दोन्हीकडून काढला. तेरा आणि तेरा.

'लोर्ना' हे कारण कुठल्याच बाजूला लिहिलेलं नाही, हे आत्ता लक्षात आलं. ते गृहीत धरलेलं असावं.

२ ऑक्टोबर, बुधवार

महत्त्वाचा दिवस.

संध्याकाळी वॉली आला. दरवर्षी शरदात पथकाचा मोठा सराव होतो. तीन गावांतली चाळीस माणसं, एक कुत्रा. त्यासाठी एक 'हरवलेला माणूस' लागतो. नेहमीच्या माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. वॉली वैतागला होता.

मी म्हटलं, मी हरवतो.

लोर्ना कॉफी ओतता ओतता थांबली. वॉली म्हणाला, "अरे बाबा, तासन्‌तास थंडीत एकट्यानं बसायचं असतं. काही म्हणजे काही करायचं नसतं."

लोर्ना म्हणाली, "मग जमेल त्याला."

वॉली हसला. मीही हसलो. मग लक्षात आलं.

अट अशी: ओढा आणि लाकडं वाहायचा जुना रस्ता यांच्यामधल्या चौकोनात कुठेही लपायचं. सकाळी नऊला शोध सुरू. वॉली म्हणाला, "दुपारी तीनच्या आत सापडू नकोस. सगळ्यांना कामाला लागू दे." मी सांगितलं की या विषयाचा माझा अभ्यास आहे. "तो ऐकलाय मी," म्हणाला.

मनातली गोष्ट फक्त इथे लिहितो. दिवसभर थंडीत बसून संध्याकाळी मी सापडीन. लोर्ना रेडिओवर असेल. तिच्याच आवाजात येईल, 'सापडला.' त्यानंतर ते उत्तर वेगळं द्यावं लागणार नाही. सगळं आपोआप दिसेल. म्हणजे नक्की काय दिसेल ते आज लिहिता येत नाही, पण दिसेल.

६ ऑक्टोबर, रविवार

जागा ठरली. चौकोनाच्या वायव्य कोपऱ्यात जुन्या स्प्रूसची दाट राई. उंची तीस मीटर. वरून बघितलं तर जमीन दिसत नाही. फोटोवरची नोंद माझ्याच अक्षरात आहे. गाड्या उभ्या राहतील तिथून पावणेदोन किलोमीटर. कुणाला स्वप्नातही सुचणार नाही.

आजवर नोंदवलेल्या एकूण चुका २१२. यांतली एकही करायची नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग

दोघंच होतो. टर्की छोटी आणली होती, तरी उरली. लोर्ना गोड पंपकिन पाय टेबलावर येईपर्यंत थांबली. मग सुरी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, शनिवारच्या सरावानंतर सांगतो.

"त्याचा नि याचा काय संबंध?"

तेव्हा कळेल, म्हटलं.

"बरं. शनिवार," म्हणाली आणि सुरी चालवली. मोठा तुकडा मला दिला. ही चांगली खूण आहे असं मला वाटतं. (दोन्ही तुकडे आत्ता आठवून बघितले. सारखेच असावेत.)

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

वॉलीला एक नवीन कल्पना सुचलीय. कुणी हरवलं की पथक आधी घरच्यांना बसवून एक फॉर्म भरून घेतं. अकरा पानी. एरवी सरावात कुणीतरी खोटी बायको होतं. यंदा खरी आहे, तर तीच बसेल. उद्या सकाळी सातला.

मी सहज विचारलं, प्रश्न काय असतात? वॉली म्हणाला, "हरवलेला माणूस प्रश्नपत्रिका बघत नाही."

पिशवी भरली. शिट्टी, संकटात वापरायचा रेडिओ, पाणी, नारिंगी जाकीट (शिकारीचा मोसम आहे), खारट काळ्या गोळ्यांचं पाकीट, पेन्सिल, वही. एकही चूक नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

(पेन्सिलीनं, जागेवर.)

८.०५. वॉलीनं गाडीतून सोडलं. उणे दोन अंश. लोर्ना तंबूत कुणाशी तरी बोलत पाठमोरी बसलेली दिसली. उजाडतंय.

८.४०. राई नाही.

८.४२. पुन्हा खात्री केली. राई नाही. सगळे बुंधे. मधूनमधून कमरेएवढी रोपं. पाटी आहे: लागवडीला सहा वर्षं झाली. माझा फोटो नऊ वर्षांपूर्वीचा. राई कापली गेली त्या वर्षी कागद माझ्याच टेबलावरून गेले असणार.

इथून हमरस्ता दिसतो. एका ट्रकवाल्यानं हात केला. मीही केला.

८.५५. दुसरी योजना. ओढ्याकाठची दाट झुडपं.

९.०५. ओढ्याकाठी ओल फार. दुसरी योजना रद्द. उजवा गुडघा.

९.२०. जुन्या रस्त्यालगत एक मोठं स्प्रूस उरलंय, त्याखाली बसलोय. तात्पुरता. फांद्यांतून गाड्यांची टपं दिसतात. दिशा कळावी म्हणून ही जागा घेतली.

९.२४. घाबरायचा प्रयत्न करतोय. शांतता खरोखर सिनेमातल्यासारखी आहे. फक्त त्यात काही नाही. खार आली, गेली. एक गोळी खाल्ली. नाडी ७१.

९.२७. लोर्नाचा विचार करायचा ठरवलं होतं. करतोय.

९.३१. सापडलो.

(घरी, संध्याकाळी.)

तिघांची तुकडी होती. पुढे शेजारच्या गावातली शिक्षिका. मला म्हणाली, "सर, तुम्हीच हरवलाय का?"

हो, म्हटलं.

"नक्की ना? कारण आमची आत्ता कुठे सुरुवात होतेय."

कुत्रा अजून गाडीतल्या पिंजऱ्यात भुंकत होता. चाळीस जणांच्या जेवणाचे बटाटे सोलायचे होते. वॉलीनं घड्याळ बघितलं, मला बघितलं, परत घड्याळ बघितलं. "एव्हर्ट, माझ्या राजा, मी दिवसभर पुरणारा माणूस मागितला होता." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी याला स्वयंपाकघरातच हरवा, वेळ वाचेल.

सराव फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी एका जुन्या कोटात गवत भरलं आणि तो लपवून आले. तो संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी सापडला. उत्तम सराव झाला असं सगळ्यांचं मत.

तोपर्यंत मी तंबूत कॉफी पीत होतो. बाकीचे कोट शोधायला गेलेले, लोर्ना बाहेर रेडिओच्या गाडीत. तो अकरा पानी फॉर्म टेबलावर होता. वाचणं बरं नव्हे. वाचला.

उंची, वजन, बुटाचं माप बरोबर. 'उजवा गुडघा, उतारावर दुखतो. दुखतो म्हणत नाही.' बरोबर. 'पाकीट उजव्या खिशात. खारट गोळ्या, हिरवं पाकीट.' बरोबर.

जंगलाची माहिती आहे का? 'वरून.'

कशाची भीती वाटते का? 'सिनेमात वाटते.'

हरवल्यावर काय करील? 'आधीपासून एक योजना असेल. ती तासाभरात मोडेल. मग दुसरी, ती दहा मिनिटं टिकेल. मग गाड्या दिसतील अशा जागी जाऊन बसेल आणि हे तात्पुरतं आहे असं स्वतःला सांगेल. जुन्या रस्त्याकडेची झाडं आधी बघा.'

हाक मारली तर ओ देईल का? 'आधी विचार करील.'

स्वतःहून हाक मारील का? 'नाही.'

शेवटचा प्रश्न असा की, या माणसाची सापडायची इच्छा आहे का? तिथे तिनं काहीतरी लिहून खोडरबरानं खोडलं होतं. त्यावर पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. कागद तिथे इतका पातळ झाला होता की खालचं टेबल दिसेल. मी तो उजेडात धरून बघितला. ऑफिसात आम्ही फोटो असेच बघतो. काही वाचता आलं नाही.

परत येताना गाडी तिनं चालवली. मी फॉर्मच्या अचूकतेचं मनापासून कौतुक केलं.

बराच वेळ खिडकीबाहेर झाडं जात होती. मग म्हणाली, "शनिवार आज आहे."

मी म्हटलं, आज फार दमलोय. पाय ओले आहेत. उद्या शांतपणे बोलू.

"बरं," म्हणाली. हीटरची झडप माझ्या पायांकडे वळवली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

तो 'उद्या' झाला नाही. रविवारी तिची बहीण आली होती. सोमवारी मला सर्दी.

सिनेमा लावला. नवराबायको गाडीत, झाडं संपत नाहीत. मी तिथेच बंद केला. आज नोंद नाही.

संकल्प: उत्तर लेखी द्यायचं. लिहिताना मी जास्त स्पष्ट असतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

उत्तराचा मसुदा चौथा. तिसऱ्यापेक्षा संतुलित. दोन पानं झाली, 'येतो' किंवा 'येत नाही' हे अजून यायचंय. पण पार्श्वभूमी उत्तम मांडली गेलीय.

लोर्ना मार्कर मागायला आली. खोक्यांवर नावं घालायची होती. काय लिहितोयस विचारलं. ऑफिसचं, म्हटलं. असं का म्हटलं ते कळत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आज हिवाळ्यासाठी सगळ्यांची घड्याळं एक तास मागे. फुकटचा एक तास मिळाला. तो उत्तरासाठी राखून ठेवायचा असं कालच ठरवलं होतं.

ओव्हन, मायक्रोवेव्ह, भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही गाड्या, सगळीकडे वेळ बदलली. यात तास गेला.

रात्रीच्या जेवणाला लोर्ना म्हणाली, "मी आता विचारणार नाही हं." आवाज चांगला होता. रागातला नव्हता. मला तर हलकं वाटलं. म्हणजे घाई नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मसुदा सातवा. आता फक्त शेवटचं वाक्य.

९ नोव्हेंबर, शनिवार

लोर्ना आज सकाळी आठला निघाली.

खोकी मी चढवली. जड खाली, हलकी वर, काचेचं मध्ये. चोख काम झालं. वॉली निरोपाला आला होता. तो चक्क रडला, बाहीला नाक पुसलं. मला म्हणाला, "तू कसा रे असा उभा?" मी त्याला सांगितलं की दोऱ्या अजून एकदा तपासायच्या आहेत. तो गेला.

मग दोघंच. मी म्हटलं, पुलानंतर सावकाश जा, तिथे सकाळी एल्क हरणं रस्त्यावर येतात. म्हणाली, जाईन. म्हटलं, मागचं डावं चाक थोडं उतरलंय, पहिल्या पंपावर हवा भर. म्हणाली, भरीन.

"अजून काही?"

मी विचार केला. नाही, म्हटलं.

तिनं माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढली आणि गाडीत जाऊन बसली. थंडी होती म्हणून मी आत आलो.

खिडकीतून बघत होतो. दिवे लागले. गाडी जागची हलली नाही. ती समोर बघत बसली होती, दोन्ही हात चाकावर. मी दाराशी गेलो. दाराला कडी नव्हती. मुठीवर हात ठेवून उभा राहिलो. चार मिनिटं. साडेतीनही असतील, सुरुवातीला मी घड्याळ बघितलं नव्हतं.

मग ती गेली.

उणे सहा होतं. एवढ्या थंडीत तिच्या गाडीला तापायला चार मिनिटं लागतातच.

(गाडी मी साडेसातलाच चालू करून ठेवली होती, हे इथे नोंदवायला हवं.)